पहिली होडी

बोट 'सँडरलिंग', कोलंबोच्या वाटेवर
८ जानेवारी १९७३

ती. अण्णा व ती. आई यांस,
साराचा सप्रेम सलाम वि. वि.

खर्ड्याच्या एस.टी. स्टँडवर आईने मला विचारलं होतं की, जिथे गाव नाही, बाजार नाही, ओळखीचं कुणी नाही, अशा ठिकाणी ही माणसं मुद्दाम जातात तरी कशाला? महिना होऊन गेला. मी रोज त्यांच्यात वावरते, पण मला अजून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

बोट मी समजत होते त्याहून लहान आहे. आपल्या किल्ल्याच्या दरवाजापासून बाजारतळापर्यंतही तिची लांबी भरणार नाही. प्रवासी सत्तरेक, बहुतेक पिकल्या केसांचे. कुणी निवृत्त न्यायाधीश, कुणी दातांचे डॉक्टर, दोघी बहिणी तर जन्मभर एकाच शाळेत शिकवून आता जग बघायला निघाल्या आहेत. ही सगळी मंडळी पहाटे उठतात, रबरी बूट चढवतात आणि एका पक्ष्याच्या घरट्यासाठी गुडघाभर चिखलात शिरतात. संध्याकाळी तीच माणसं रेशमी कपड्यांत आणि मोत्यांच्या माळांत जेवायला बसतात. टेबलावर बर्फाचा कोरलेला हंस असतो. तो जेवण संपेपर्यंत वितळतो आणि दुसऱ्या दिवशी नवा येतो. आपल्या तालुक्यात पाण्याचा टँकर कधी येतो याची वाट बघणारी मी त्या हंसाकडे फार वेळ बघू शकत नाही.

खाली, जिथे आम्ही कामाची माणसं राहतो, तिथे मात्र घरासारखं आहे. आचारी गोव्याचे. आमचा भात वेगळा शिजतो. होडी चालवणारा मच्छिंद्र अलिबागकडचा आहे. मी नगरकडची आहे म्हटल्यावर त्याने विचारलं की, तुमच्याकडे नदीला तरी पाणी असतं का? मी म्हटलं, असतं, कोपरगावला. तेव्हापासून तो मला 'कोरडवाहू बाई' म्हणतो. रागावू नका, चांगला माणूस आहे, आईएवढ्या वयाची त्याची बायको आहे.

आता माझं नर्सचं काम सांगते. दवाखाना म्हणजे दोन खाटांची खोली. डॉक्टर लार्सन वयाने मोठे, स्वभावाने मऊ. समुद्र लागला, पाय मुरगळला, एवढंच बहुधा येतं. पण खरं काम बेटांवर आहे. या बोटीचा एक रिवाज आहे. माणसं राहतात अशा बेटाजवळ आलो की आधी एकच होडी किनाऱ्यावर जाते. तिला पहिली होडी म्हणतात. तिच्यात पक्ष्यांचे जाणकार मि. हॉलंड असतात आणि औषधांची पेटी घेऊन मी असते. हॉलंडसाहेब बेटाच्या मुख्य माणसाला भेटून परवानगी विचारतात. मी झाडाखाली पेटी उघडते. खरूज, डोळे, कान फुटलेली मुलं. बाया रांग लावतात. घटकाभरात सगळं बेट माझ्याभोवती जमतं आणि मग बाकीच्या होड्या प्रवाशांना घेऊन येतात. अण्णा, वेलोरला चार वर्षं जे शिकले ते याचसाठी, असं त्या झाडाखाली वाटतं. घरातली पहिली पदवी कुणाच्या तरी उपयोगी पडते आहे.

हॉलंडसाहेब विक्षिप्त आहेत. होडीत बसण्याआधी प्रत्येकाचे बूट ब्रशने घासून धुवायला लावतात. तळाला चिकटून एका बेटाचं बी दुसऱ्या बेटावर जायला नको म्हणे. परक्या गवताने तिथलं गवत मरतं. एका बाईंनी कुरकुर केली, तर त्यांना त्यांनी परत केबिनमध्ये पाठवलं.

मामाच्या लिडियाला सांगा, बोटीवर नर्स म्हणून येण्याच्या तिच्या अर्जाचा विषय मी एजंटाकडे आठवणीने काढला आहे. पत्र बंदराच्या एजंटाच्या पत्त्यावर पाठवा. बोट कितीही हलली तरी तुमचा लोभ हलू देऊ नका.

तुमची,
सारा

*

खर्डा, ता. जामखेड
२० जानेवारी १९७३

चि. सारा हिस,
यशया भिंगारदिवे याचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र पोचले. मी ते प्रथम एकट्याने वाचले, मग तुझ्या आईस वाचून दाखवले, मग रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मागितले म्हणून त्यांनाही दिले. बर्फाच्या हंसाचा भाग मी गाळला होता, पण तुझ्या आईने तो सर्वांना तोंडी सांगितला.

इकडचे वर्तमान काय लिहू. विहिरींचे तळ दिसू लागले आहेत. गावाच्या उत्तरेस सरकारने रस्त्याचे काम काढले आहे, तिथे खडी फोडायला पंधरा गावचे लोक येऊन पाले ठोकून राहिले आहेत. त्यांची मुले माझ्या शाळेत येतात. अक्षरासाठी कमी, सुकडीसाठी जास्त. मला त्याचे काही वाटत नाही. पोटात गेले की मूल फळ्याकडे बघते. वर्ग इतका भरतो की मी दारात उभा राहून शिकवतो.

आता बापाचे दोन शब्द ऐक. तू लहानपणापासून चटकन पेटतेस. हॉस्टेलात जेवणाच्या प्रश्नावरून मेट्रनशी भांडलेली तू माझीच मुलगी आहेस. ते ठिकाण वेगळे आहे. तिथे तू एकटी नाहीस, तुझ्या मागे आपल्या मिशन हॉस्पिटलच्या मुली उभ्या आहेत. एजंटाने हॉस्पिटलच्या मेट्रनला कळवले आहे की तुझे वर्तन चांगले राहिले तर पुढल्या हंगामाला लिडियाला घेऊ. तिला आई नाही, बाप म्हणजे तुझा मामा अंथरुणाला खिळलेला. ही नोकरी म्हणजे तिचे सगळे आयुष्य आहे. म्हणून सांगतो, वरिष्ठांचे ऐक. पटले नाही तर मनात ठेव. देवाने ज्यांना आपल्यावर नेमले आहे त्यांच्याशी नम्र राहणे हाही सेवेचाच भाग आहे.

मच्छिंद्र या गृहस्थास सलाम सांग आणि आमच्याकडे सीना नावाचीही नदी आहे हे कळव. सध्या तिच्यात फक्त नाव उरले आहे, हे कळवू नकोस.

तू पाण्यावर आहेस, आम्ही कोरड्यावर. दोन्हीकडे एकच राखणारा आहे, त्याच्या हाती तुला सोपवतो.

तुझा,
अण्णा

*

खर्डा
३ फेब्रुवारी १९७३

चि. सारीला आईचा लई आशीर्वाद.

लिडिया लिवती हाय, मी सांगती हाय. ती मधी मधी सुदारतीया. तिला म्हनलं, जशी बोलती तशीच लिव, न्हाईतर सारीला वाटल दुसऱ्याच कुनाची आई हाय. तुझ्या बापाला ह्ये पत्र ठावं न्हाई.

हितं गोवर आलाय. आधी खडीच्या कामावर पालांत आला. लंकाबाईच्या दोन्ही पोरी साळंत सुकडी खायाला यायच्या, तितनं गावात आला. थोरली उठून बसली. धाकटी गेली. अंगात काय हुतंच न्हाई तिच्या, गोवर तरी कुठवर सोशील. लंकाबाई तिसऱ्या दिशी खडीवर गेली. न जाऊन काय करती.

तुझ्या बापानं साळा बंद केली. लगीच तालुक्याचं सायेब आलं जीपगाडी घिऊन. म्हनलं, मास्तर, वरून हुकूम न्हाई, साळा बंद तर सुकडी बंद. ह्ये म्हनलं, सायेब, खोली बंद हाय, पोरांची पोटं न्हाईत. सायेब लई तापलं. तुमची बदली करतो म्हनलं. करा म्हनलं. आता तुझा बाप रोज दुपारी टोपी काढून चुंबळ ठिवतो, सुकडीचं टोपलं डोक्यावर घेतो आन पालापालाला हिंडतो. एका पालाचं पोर दुसऱ्या पालात जाऊ देत न्हाई. आदी लोक हसली. आता वाडगं म्होरं करत्यात.

मी काय बसून ऱ्हायले न्हाई. ज्या पालात गोवर हाय त्या पालाला लिंबाचा डहाळा बांधून आले. पाळकसायेब आलं सांगाया, राहीबाई, ह्यो ख्रिस्ती मानसाचा रिवाज न्हाई. मी म्हनलं, डहाळा देवीसाठी न्हाई, येनाऱ्याजानाऱ्यासाठी हाय. आत पोर आजारी हाय, बाहीर उभं ऱ्हावा, एवढं कळाया. तवा पाळकसायेब बाहीरच उभं ऱ्हाऊन प्रार्थना करून गेलं.

आन तुला मातर तुझा बाप लिवतो, वरच्याचं ऐक. त्ये पत्र टपालात टाकायच्या आदी लिडियानं मला वाचून दावलं तवा हसू आलं. म्हनून ह्ये लिवलं.

(सारा, मी लिडिया. आत्याबाई थांबल्या आहेत तेवढ्यात माझं एक वाक्य घालते. माझी ट्रंक मी रंगवून ठेवली आहे. निळा रंग दिला. हसू नकोस.)

जिवाला जप. खारं पानी पिऊ नगं. आमाला इसरू नगं, मंजी झालं.

आई

*

'सँडरलिंग', सेशेल्स
१६ फेब्रुवारी १९७३

ती. अण्णा यांस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुमचं पत्र मागच्या वेळी हे बंदर सोडण्याआधीच मिळालं. मी ते उशीखाली ठेवलं आहे. आज जे लिहिते आहे ते वाचून तुम्ही काळजीत पडाल, पण विचारायला मला दुसरं कुणी नाही.

या बंदरावर महिन्याच्या सुरुवातीला नवे प्रवासी चढले. त्यांत एक आजोबा, आजी आणि त्यांची दोन नातवंडं, विमानाने लंडनहून आलेली. मुलगी एमिली दहा वर्षांची, मुलगा टिमी सहाचा. बोट सुटून चार दिवस होतात तोच एमिलीला ताप भरला, डोळे लाल झाले आणि कानामागून पुरळ उठायला लागलं. अण्णा, गोवर मी नुसता पुस्तकात पाहिलेला नाही, मी तो आपल्या आळीत पाहिला आहे. मी डॉक्टरांना म्हटलं. त्यांनी पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले की हो, तोच आहे, पण हा शब्द आपल्या दोघांतच राहू दे. बोटीवर सगळे मोठे, सगळ्यांना लहानपणी येऊन गेलेला, कुणाला धोका नाही. मग उगाच घबराट कशाला?

तेव्हा मला ते पटलंही. एमिलीला मी केबिनमध्ये ठेवलं, शुश्रूषा केली, ती छान बरी झाली. त्या आठवड्यात आम्ही फक्त पक्ष्यांच्या ओसाड बेटांवर उतरलो, हे नशीब. आज बंदराला परत आलो. कप्तानाने किनाऱ्यावर काही कळवलेलं नाही. एमिली डेकवर दोरीवरच्या उड्या मारते आहे आणि सगळ्यांच्या लेखी हा विषय मिटला आहे.

माझ्या लेखी मिटलेला नाही. टिमी बहिणीच्याच केबिनमध्ये झोपत होता. त्याला गोवर आलेला नाही, लसही टोचलेली नाही. मी आजीला हळूच विचारून घेतलं. बहिणीकडून त्याने घेतला असेल तर तो आता त्याच्या अंगात मुरतो आहे, आणि पुढच्या आठवड्यात, पुरळ दिसायच्या आधीच, तो दुसऱ्यांना द्यायला लागेल.

आणि पुढच्या आठवड्यात आम्ही 'आंस-वेर्त' नावाच्या बेटावर जाणार आहोत. फार लांब, एकटं बेट. साठ-सत्तर माणसं खोबरं वाळवून राहतात. बाहेरचं गलबत वर्षातून दोनदा येतं. डॉक्टर नाही. हॉलंडसाहेबांनी काल रात्री पडद्यावर चित्रं दाखवत कौतुकाने सांगितलं की तिथल्या मुलांना सर्दीसुद्धा ठाऊक नाही. सगळे आनंदाने हसले. मला पुढचं व्याख्यान ऐकू आलं नाही. बेटाच्या कार्यक्रमात लिहिलं आहे, प्रवाशांच्या मुलांनी बेटावरच्या मुलांबरोबर खेळावं.

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. टिमीला केबिनमध्ये ठेवा म्हटलं. ते म्हणाले, ज्याला ताप नाही अशा मुलाला कोंडायचं कोणत्या आधारावर? आजोबा बोटीच्या मालकांचे स्नेही आहेत. मुलगा घरून निघाल्यापासून त्या बेटावरच्या कासवांची वाट बघतो आहे. काही दिसलं तर बघू, असं म्हणाले. मग मी कप्तानांना भेटले. ते म्हणाले की औषधाच्या बाबतीत डॉक्टरांचा शब्द शेवटचा. बुटाला चिकटलेलं गवताचं बी जाऊ देत नाही, मग हे कसं जाऊ देता, असं माझ्या तोंडून गेलं. त्यांनी दार उघडून धरलं.

सगळ्यात वाईट हे की पहिल्या होडीत मी असते. मी पेटी उघडली की सगळं बेट, सगळी पोरंबाळं, एका झाडाखाली गोळा होतात. ज्या रोगाला माणसं लांब लांब ठेवायची, त्याच्यासाठी मीच गर्दी जमवायची. मला आता कळतं, अण्णा, आम्हाला बेटं उतरू देतात ती माझ्या पेटीसाठी. मी आत शिरायची किल्ली आहे.

तुमचं उत्तर वेळेत पोचणार नाही हे मला माहीत आहे. लिडियाचंही मला माहीत आहे. तरी लिहा, मी काय करावं.

तुमची,
सारा

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात एजंटाने आईचं पत्र आणून दिलं. लंकाबाईच्या धाकटीला मी ओळखत होते. निघताना तिने माझ्या ट्रंकेवर बसून फेरी मारून घेतली होती. अण्णा, आईने तुमच्या चुंबळीचं लिहिलं आहे. तिला रागवू नका. आणि मलाही, कारण ते मी आतापर्यंत कितीदा वाचलं असेल.

*

खर्डा
२७ फेब्रुवारी १९७३

चि. सारा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल आले. रात्रभर झोप नाही. सकाळी उत्तर लिहिले, ते फाडले, हे दुसरे आहे.

तुझ्या आईने लिहिले ते खोटे नाही, पण त्यावरून तू माझे अनुकरण करू नकोस. बदलीचा हुकूम आला आहे, आता श्रीगोंद्याकडच्या एका वाडीवर रुजू व्हायचे आहे. त्याचे मला दुःख नाही. पण ही माझी शाळा होती. किल्ली माझ्या खिशात होती. बोट तुझी नाही. परक्या मुलखात, समुद्राच्या मध्यावर, एका मुलीने कप्तानाविरुद्ध उभे राहायचे, आणि काही विपरीत झाले तर मला कळायला महिना लागायचा. बाप म्हणून मी याला होकार देऊ शकत नाही.

मी काय सुचवतो ते नीट वाच. डॉक्टरांना कुणातरी तिसऱ्यासमोर पुन्हा स्पष्ट सांग. त्यांनी ऐकले नाही तर त्या दिवशी तू आजारी आहेस असे सांगून पडून राहा. पहिल्या होडीत बसू नकोस. पेटी तुझ्या हातून उघडली जाणार नाही, पाप तुझ्या हातून होणार नाही. लिडियाचेही नुकसान होणार नाही. याहून जास्त देव तुझ्याकडून मागणार नाही असे मी स्वतःला समजावतो आहे.

लंकाबाईची थोरली परवा शाळेच्या बंद दारापाशी पाटी घेऊन बसली होती. मी तिला अंगणातच बाराखडी घातली.

सारा, सांभाळून राहा. तुला मिळेपर्यंत हे पत्र जुने झालेले असेल, माया मात्र ताजी समज.

अण्णा

*

व्हिक्टोरिया, सेशेल्स
९ मार्च १९७३

ती. अण्णा व ती. आई यांस,
सप्रेम सलाम वि. वि.

आज सकाळी एजंटाच्या कचेरीत मला अण्णांचं २७ तारखेचं पत्र मिळालं. त्याच टेबलावर त्याने माझी ट्रंकही ठेवली. मी आता बोटीवर नाही, मला कामावरून काढलं आहे. इथल्या एका निवृत्त नर्सबाईंच्या घरी राहते. मुंबईची आगबोट येईल तेव्हा परत येईन. मी सुखरूप आहे, जेवते, कुणी मला हात लावलेला नाही. आईला हे आधी वाचून दाखवा.

एजंटाने मेट्रनला कळवलं आहे की आपल्या हॉस्पिटलची मुलगी आता नको. लिडियाला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. तिने ते न वाचता चुलीत घातलं तरी माझी तक्रार नाही. निळ्या ट्रंकेचा विचार मी रोज करते. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

आंस-वेर्तवर कुणी उतरलं नाही. बेटाहून निघाल्यावर तिसऱ्या दिवशी टिमीच्या अंगावर पुरळ उठलं. डॉक्टर लार्सननी ते पाहिलं आणि माझ्याकडे न बघता खोलीबाहेर गेले. तोवर मला दवाखान्यातून काढून कपडे धुण्याच्या खोलीत पाठवलं होतं, पण टिमी औषध दुसऱ्या कुणाच्या हातून घेईना, म्हणून रात्री मला बोलावत. तो बरा झाला. त्याला कासवं दाखवली नाहीत म्हणून तो माझ्यावर रागावलेला होता, आणि त्याचं बरोबरच आहे. प्रवाशांतल्या बहुतेकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्या दोघी शिक्षिका बहिणी मात्र रोज कपडे धुण्याच्या खोलीच्या दारात येऊन 'गुड मॉर्निंग' म्हणून जात.

अण्णा, तुम्ही लिहिलंत, होडीत बसू नकोस. तुमचं पत्र वेळेत आलं असतं तरी मी ऐकलं नसतं, आणि आजवर मी तुमचा शब्द कधी मोडलेला नाही. मीही त्याच वाटेने विचार करून पाहिला होता. पडून राहावं, डोकं दुखतं म्हणावं. पण मी नसते तर पेटी ॲग्नेसकडे दिली असती. माझ्या खोलीतली ही गोव्याची मुलगी केबिनमध्ये चहा पोचवते, तिला पांढरा ॲप्रन घालून बसवलं असतं. झाड तेच, गर्दी तीच. माझे हात स्वच्छ राहिले असते आणि बेटावरची पोरं लंकाबाईच्या धाकटीसारखी गेली असती. आपण फक्त आपले हात सांभाळायचे, हे तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत. तुम्ही डोक्यावर टोपलं घेतलंत.

त्या दिवशी काय झालं ते आता सांगते.

पहाटे बेट दिसलं. मी टिमीला बघायला गेले. नाक गळत होतं, डोळे ओले, अंग कोमट. दिव्यासमोर त्याचं तोंड उघडून पाहिलं, तर गालाच्या आत मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके. गोवराशिवाय ते कशातच दिसत नाहीत. डॉक्टरांना उठवून आणलं. ते चष्म्याशिवाय आले, घाईत पाहिलं आणि म्हणाले, समुद्राचं पाणी तोंडात गेलं की असं होतं. मी चष्मा आणून देते म्हटलं. ते म्हणाले, सिस्टर, पुरे. हे सगळं आजोबांसमोर झालं, म्हणजे तुम्हाला हवा होता तो तिसरा माणूसही तिथे होता. आजोबांनी टिमीला टोपी घातली आणि डॉक्टरांना विचारलं की याला पहिल्या होडीत नेता येईल का, म्हणजे गर्दी व्हायच्या आत कासवं दिसतील.

मी ॲप्रन घातला, पेटी उचलली आणि शिडी उतरले. बूट घासून झाले. होडीत मच्छिंद्र मागे मशिनपाशी, पुढे हॉलंडसाहेब, मध्ये आजोबा आणि टिमी, आणि टिमीच्या शेजारी मी. मच्छिंद्रला मी आदल्या रात्रीच सगळं सांगितलं होतं. त्याने फक्त एवढंच विचारलं होतं की, तुमच्या घरी कुणी रागावणार नाही ना? मी म्हटलं, रागावतील.

पाणी इतकं नितळ होतं की होडीची सावली तळाच्या वाळूवर चालत होती. टिमी सारखा शिंकत होता. मी त्याला माझ्याकडे वळवून त्याचं तोंड रुमालाने पुसत राहिले. किनाऱ्यावर सगळं बेट उभं होतं. पुढे एक उंच म्हातारी, डोक्याला पांढरं फडकं. नंतर कळलं, तिचं नाव ओदील, बेटाचा कारभार तीच बघते. मुलं ओरडत पाण्यात शिरली. पाहुण्यांची होडी दोराने ओढून वाळूवर घ्यायची, हा तिथल्या मुलांचा मान आहे. पाचसहा जण कमरेएवढ्या पाण्यात आले, त्यांच्यातल्या एका मोठ्या मुलीने दोर फेकला. तो नेमका माझ्या मांडीवर पडला. टिमी हसला आणि त्याने तो धरायला हात पुढे केला.

मी दोर उचलून परत पाण्यात टाकला. मुलीला वाटलं, निसटला. ती पुन्हा गोळा करू लागली. मी मच्छिंद्रकडे पाहिलं. त्याने मशीन उलटं फिरवलं आणि होडी मुलांपासून मागे सरकली. आजोबा उठून उभे राहिले. मला वाटलं ते मला पकडतील, पण त्यांचा तोल गेला आणि ते खाली बसले. हॉलंडसाहेब माझ्याकडे वळून काय झालं म्हणून विचारत होते. मी किनाऱ्याकडे वळले. ज्या माणसाकडे परवानगी मागायची, त्या माणसाला ती देण्याआधी सगळं माहीत असायला हवं. मी पेटी खाली ठेवली, उभी राहिले आणि त्या म्हातारीला मला काढता आला तेवढ्या मोठ्या आवाजात इंग्रजीत सांगितलं:

"आमच्या बोटीवर गोवर आहे. या मुलाला आहे. तुमच्या पोरांना पाण्याबाहेर घ्या आणि आम्हाला उतरू देऊ नका."

तिला कळलं नाही. तिने कानाशी हात नेला. मुलं तशीच पाण्यात उभी होती. मग हॉलंडसाहेबांनी टिमीचे डोळे पाहिले, त्याचं नाक पाहिलं, आणि स्वतःच्या धुतलेल्या बुटांकडे पाहिलं. ते उठून माझ्या शेजारी उभे राहिले आणि मी सांगितलेलं सगळं, एक शब्द न गाळता, बेटाच्या भाषेत तिला पुन्हा सांगितलं. म्हातारीने मुलांना एकदाच हाक मारली. मुलं दोर टाकून पळाली.

मी पेटीतली डोळ्यांची आणि खरजेची औषधं डब्यात भरून, डबा बंद करून, मच्छिंद्रच्या हातून एका खडकावर ठेवायला लावली. मी स्वतः पाण्यात पाय घातला नाही. मग आम्ही माघारी वळलो. बोटीच्या शिडीपाशी कप्तान उभे होते. वर चढताच, त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं की हे मी केलं, मच्छिंद्रने फक्त माझं ऐकलं.

मी येईन तेव्हा श्रीगोंद्याच्या वाडीवर यावं की खर्ड्याला, ते कळवा. तुम्ही जिथे असाल तिथे, रागासकट, मला घरात घ्या.

तुमची,
सारा